पस्तीस मैलांवरची थरथर

चिन्मय आणि ईरा, परवा परदेशातून फोनवर चिन्मय म्हणाला की त्याची गाडी पासष्ट मैलांच्या पुढं गेली की स्टिअरिंग हातात थरथरतं, आणि साठच्या खाली आणली की पुन्हा शहाण्यासारखी वागते. मी म्हटलं, "पुढचं एखादं चाक कुठंतरी जड असेल." पलीकडं तुम्ही दोघं हसलात. ते हसू वाईट नव्हतं, पण ऐंशी ओलांडलेल्या बाईनं गाडीच्या चाकाविषयी मत द्यावं याचं होतं. म्हणून दुसऱ्या दिवशी पूजा आटोपून, चष्मा पुसून, नवी वही घेऊन बसले. ही गोष्ट मी तुमच्या आजोबांनाही पूर्ण सांगितली नव्हती. सांगायची नाही असं ठरलेलं होतं, आणि ज्या बाईशी ते न बोलता ठरलं ती जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. गाडीही उरलेली नाही. तेव्हा सांगितल्यानं कुणाचं काही बिघडेल असं वाटत नाही.

आमचं घर जुन्या जालन्यात, आडतींच्या गल्लीत. बाबा कापसाची आडत करायचे आणि शेती कुंभार पिंपळगावला होती. तिथून ज्वारी, तूर आणि तक्रारी दर महिन्याला बैलगाडीनं यायच्या. घर चालवायची आत्या, बाबांची थोरली बहीण. ती तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. बाबा तिला आक्का म्हणत आणि तिला घाबरत. माझी आई फार कमी बोलायची; तिचं मन स्वयंपाकातून कळायचं. खूश असली की धपाट्यांत तीळ जास्त, रागावली की आमटीत येसराचा मसाला कमी. सकाळी जाग यायची ती पोती उतरल्याच्या धप्प आवाजानं आणि समोरच्या चांदमलशेठच्या दुकानातल्या तराजूच्या साखळ्यांनी. त्या सगळ्यावर आत्याचा आवाज. भाजीवालीपासून कावळ्यापर्यंत ती सगळ्यांशी एकाच पट्टीत बोलायची. मी तेव्हाही आतासारखीच होते: पेन्सिली उंचीप्रमाणं लावलेल्या, वह्यांना तांबडा समास, आणि जे दिसेल त्याची नोंद.

आत्याचं आणि रेल्वेचं वैर होतं. त्याला कारण एक बरणी. तिच्याकडं चिनी मातीच्या दोन बरण्या होत्या, वरून तपकिरी, खालून पांढऱ्या, एका मापाच्या, लग्नात आलेल्या. त्यातली एक लोणच्यानं भरून ती परतूरला एका भाचीच्या डोहाळजेवणाला घेऊन गेली. परतूर स्टेशनावर आत्या उतरली, गाठोडं उतरलं, बरणी मात्र डब्यातच राहिली. गार्डानं हिरवा झेंडा हलवला, आत्यानं पदर हलवला, आणि रेल्वे लोणचं घेऊन परभणीकडं निघून गेली. बरणी परत आली नाही. लोणच्याबद्दल आत्या नंतर कधी बोलली नाही, पण फुटलेल्या जोडीबद्दल आयुष्यभर बोलली. उरलेल्या बरणीला ती "एकटी" म्हणायची. "एकटी खाली काढ गं, मीठ भरायचंय."

मला शिकायचं होतं. एक निवृत्त मास्तर घरी येऊन मला इंग्रजी शिकवत, आणि जालन्यात मुलीला जेवढं शिकता येत होतं तेवढं माझं शिकून झालेलं. पुढची शाळा औरंगाबादला, तिथंच राहण्याची सोय. बाबा तयार होते. आत्या म्हणाली, "रेल्वेनं? जी गाडी बरणी सांभाळीना, ती पोरगी सांभाळंल?"  त्याच सुमारास परतूरचं एक स्थळ आलं. मुलगा बरा होता म्हणे, घरी पंचवीस म्हशी. त्या लोकांना पंधरा दिवसांत उत्तर हवं होतं आणि शाळाही पंधरा दिवसांतच उघडणार होती. आता सांगताना खरं वाटत नाही, पण एका मुलीला चाळीस मैलांवर रेल्वेशिवाय पोचवण्यासाठी माझ्या बाबांनी मोटार घेतली. एका निवृत्त साहेबाची जुनी गाडी. कॅनव्हासचं छत, रबरी भोंगा, आणि लाकडी आऱ्यांची चाकं, आपल्या बैलगाडीसारखी, फक्त वर रबरी टायर. सोबत हुसेनचाचा आले. ते आधी प्रवासी नेणारी सर्व्हिसची लॉरी चालवायचे आणि गाडी सुरू करण्याआधी तिला सलाम करायचे.

गाडीची पूजा झाली. नारळ फुटला, चारही चाकांना हळदकुंकू लागलं. त्या दुपारी बाबा आणि हुसेनचाचा पेट्रोल आणायला गेले असताना लोहार येऊन गेला. परसातल्या फाटकाची बिजागरी निखळली होती, असं आत्या म्हणाली. मी नोंद केली नाही, कारण बिजागऱ्यांची नोंद कशाला ठेवायची.

मग आत्यानं अटी सांगितल्या. अंगणात, सगळ्यांसमोर, एकटीला कडेवर घेऊन. बरणीत नवं कैरीचं लोणचं होतं, त्यावर चार बोटं तेल.

"म्या पुढं बसणार. ही माझ्या मांडीवर, झाकण न लावता. बदनापूरपर्यंत रस्ता रेल्वेच्या कडंनं जातो. सकाळच्या गाडीच्या पुढं निघून दाखवायचं. आन् तेलाचा एक थेंब सांडला तर पोरगी घरी. परतूरला होकार."

"आक्का, लोणच्यावरून का पोरीचं ठरवतात?" बाबा म्हणाले.

"मंग कशावरून ठरवू, नारायणा? तुझ्या बोलण्यावरून?"

हुसेनचाचांनी मान डोलवली. "माईसाब, अट बराबर हाय. गाडी बिलकुल लोण्यासारखी चालती."

तीस मैलांच्या वेगापर्यंत ती खरंच लोण्यासारखी चालली. बदनापूरच्या वाटेवर रेल्वे आमच्या डाव्या हाताला आली, धूर सोडत, आणि खिडक्यांतून लोक हात हलवू लागले. रेल्वेच्या बरोबरीनं जायला पस्तीस लागायचे. चाचांनी पाय दाबला. काटा पस्तिसावर आला आणि स्टिअरिंग त्यांच्या हातात नाचू लागलं. आधी मनगटं, मग कोपर, मग दाढी. चाचा काही बोलत होते, पण शब्द तुकड्यातुकड्यांनी बाहेर पडत होते. आत्याच्या मांडीवरच्या तेलाला लाटा आल्या. चाचांनी घाबरून वेग कमी केला, रेल्वे शिटी फुंकून पुढं गेली, आणि आत्याच्या पांढऱ्या लुगड्यावर मोहरीसकट पिवळा डाग पसरला. ती रेल्वेकडं पाहत राहिली. "हिनंच शिकवलं असंल गाडीला," ती म्हणाली.

बाबांनी आठ दिवसांची मुदत मागून घेतली. आत्यानं दिली, कारण लुगड्याचा डाग निघायलाही तेवढाच वेळ लागणार होता.

ते आठ दिवस आमच्या गल्लीनं दुसरं काही काम केलं नाही. मी एक वही केली, 'थरथर' असं नाव घातलं, आणि रकाने आखले: वेग, रस्ता, वारा, गाडीत कोण, थरथर आहे की नाही. ती वही हरवली, पण बरंचसं आठवतं. तीस मैल, नाही. बत्तीस, किंचित. पस्तीस, भरपूर. चाळीस, चाचांनी डोळे मिटल्यामुळं नोंद नाही. आत्या गाडीत नसताना, आहे. आत्या असताना, आहे, आणि बोलणंही आहे.

बाबांचं म्हणणं, मागं वजन कमी पडतंय. म्हणून त्यांनी मागच्या सीटवर दोन हमाल बसवले, मग तीन, मग एक जाडा आणि एक बारीक. चौथ्या दिवशी गल्लीतले सगळे हमाल औरंगाबादच्या रस्त्यावर हवा खाऊन आले होते आणि कापसाचं एकही बोचकं जागचं हललं नव्हतं. ओळखीचे एक वैद्य आले. त्यांनी चाचांच्या शेजारी बसून, गाडी पस्तिसावर असताना, स्टिअरिंगवर तीन बोटं ठेवली आणि डोळे मिटले. "नाडी सर्पासारखी चालते. वातप्रकोप आहे." उपाय, तिळाचं कोमट तेल. चाचांनी श्रद्धेनं स्टिअरिंगला तेल चोळलं. दुसऱ्या दिवशी वळणावर हात निसटला आणि गाडी बाभळीत शिरली. बाभळीत मात्र थरथर नव्हती. मी तशी नोंद केली.

चांदमलशेठ गाडीत कधीच बसले नाहीत. त्यांचे आजोबा मारवाडातून येऊन इथं दुकान थाटून बसले होते, आणि शेठ त्याच गादीवर बसून समोरचं सगळं पाहायचे. "नारायणराव, माझं ऐका. जे डुलतं ते एका बाजूनं जड असतं. पासंग पाह्यजे." पासंग म्हणजे तराजूची दोन्ही पारडी सारखी व्हावीत म्हणून हलक्या बाजूला बांधायचा चिमूटभर वजनाचा तुकडा. पण शेठ हे सगळ्याच बाबतीत म्हणायचे. आपल्या जावयाच्या बाबतीतही ते असंच म्हणाले होते. त्यामुळं कुणी लक्ष दिलं नाही.

या सगळ्यात आत्यानं थरथरीवर एकदाही मत दिलं नाही. ती रोज ओसरीवर बसून पाहायची. कुणी चाकाजवळ गेलं की तिचं तांदूळ निवडणं थांबायचं. मला वाटलं, तिला परतूरच्या म्हशी दिसतायत.

सहाव्या दिवशी मी गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक उघडलं. आधी का उघडलं नाही, असं तुम्ही विचाराल. ते साहेबाचं होतं, बाबांच्या कपाटात कुलपात होतं, आणि घरात ते फक्त मलाच वाचता येईल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. माझ्याही नाही. त्यात थरथरीवर अर्धं पान होतं. टायरमधली हवा पाहा. चाकाचे नट आवळा. मग पुढचं चाक जॅकवर उचला, हातानं हळूच फिरवून सोडा आणि आपोआप थांबू द्या. दर वेळी तोच भाग खाली येत असेल तर तो भाग जड आहे.

मी हे मराठीत वाचून दाखवलं. हवा ठीक होती, नट आवळलेले होते. डावं चाक उचललं, फिरवलं. ते कधी कुठं, कधी कुठं थांबलं. मग उजवं. चाचांनी फिरवलं, ते फिरलं, मंद झालं, थोडं मागं आलं आणि थांबलं. मी खालच्या जागी खडूची खूण केली. पुन्हा फिरवलं, खूण खाली. तिसऱ्यांदा, खूण खाली. सात वेळा. समोरून चांदमलशेठ अनवाणीच आले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी त्यांचं म्हणणं खरं करून दाखवत होतं.

"खाली काय हाय बघू," म्हणून बाबा वाकायला लागले, पण त्यांची कंबर धरलेली होती आणि चाचांनी जॅक धरलेला होता. म्हणून मी परकर आवरून गाडीखाली गेले. चाकाच्या आतल्या बाजूला, लाकडी कडेवर, डांबर आणि चिखलाखाली एक नाल होता. घोड्याचा, जुना, जाड, पाच खिळ्यांनी ठोकलेला. आपल्याकडं उंबऱ्याला ठोकतात तसाच. गाडीला उंबरा नसतो, म्हणून घरात सगळ्यात आधी येणाऱ्या चाकाला ठोकला होता. लोहारानं बसवलेली बिजागरी ती हीच.

मी आडवी पडल्या पडल्या बाहेर पाहिलं. चाकाच्या आऱ्यांमधून मला ओसरी दिसत होती आणि ओसरीवर आत्या. ती माझ्याकडंच पाहत होती. हातातलं सूप तिनं छातीशी धरलं होतं. असा तोडगा कुणाला सांगितला की त्याचा गुण जातो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, म्हणून ती इतके दिवस त्याविषयी गप्प होती. गाडी थरथरत होती ते नजरेमुळं, आणि नाल झुंजतोय म्हणून ती अजून उभी आहे, असंच तिला वाटत असणार. आता मी "नाल" म्हटलं असतं की बाबांनी तो पकडीनं उपटला असता, सगळी गल्ली हसली असती, आणि थरथर तिथंच संपली असती. पण मला कोण पाठवणार होतं? नाल उपटलेल्या गाडीतून आत्यानं मला जाऊ दिलं नसतं, अट पुरी झाली तरी. भर अंगणात हसं झालेल्या आत्यानं तर नाहीच. आणि खरं सांगायचं तर ते सूप तिनं ज्या रीतीनं धरलं होतं, ते पाहून तिला उघडं पाडणं मला जमलं नसतं.

"काय हाय गं?" बाबा वरून म्हणाले.

"चिखल," मी म्हटलं.

चिखल पुसल्यासारखं करून मी बाहेर आले. चांदमलशेठ तोवर आपली पितळी वजनं घेऊन आले होते. खुणेच्या बरोबर समोर, चाकाच्या वरच्या बाजूला, फडक्यात एकेक वजन बांधून आम्ही चाक फिरवत गेलो. एका वजनाला खूण थोडी बाजूला थांबली. आणखी थोडं वाढवलं, आणि चाक कुठंही थांबायला लागलं. शेठनी फडकं सोडून आतली वजनं मोजली आणि आकडा सांगितला. "एवढं लोखंड समोरच्या बाजूला ठोका. पासंग." बाबांनी निदान केलं की साहेबानं गाडी ओलीत उभी केली असणार आणि एका बाजूचं लाकूड पाणी पिऊन जड झालं असणार. ते मरेपर्यंत हेच सांगत होते.

मी स्वयंपाकघरात गेले. आई धपाटे थापत होती. आत्या माझ्या मागोमाग आली आणि आईला म्हणाली, "जरा मीठ बघ गं माजघरात." आई उठून गेली. मीठ तिच्या पुढ्यातच होतं.

"पाह्यलंस?" आत्या म्हणाली.

"न्हाई."

"बरं."

मी तव्यावरचं धपाटं उलटलं. मग मी म्हटलं, "आत्या, समोर लोखंड लावायचंच हाय, तर नुसता तुकडा कशाला? नाल लावला तर? एकट्या वस्तूचा काय उपेग. जोड असावी."

आत्यानं माझ्याकडं एवढा वेळ पाहिलं की तव्यावरचं धपाटं करपलं. "मला पह्यल्याच दिवशी वाटलं होतं," ती हळूच म्हणाली, "एक काही पुरायचा न्हाई."

मग ती बाहेर गेली आणि आपल्या नेहमीच्या आवाजात बाबांना म्हणाली की लोखंडच लावायचं तर नाल लावा, ती सांगते म्हणून. बाबा हसले. "आक्का, तुझ्या जिवाला बरं वाटत असंल तर लाव." शेठच्या टांग्याच्या घोड्याचा एक झिजलेला नाल निघाला. तो तोलला तर थोडा हलका भरला. ती कसर दोन जास्तीच्या खिळ्यांनी भरून काढली. ठोकायला तोच लोहार आला. त्यानं चाकाखाली डोकं घातलं, पहिला नाल पाहिला, आत्याकडं पाहिलं, आणि आयुष्यभर काही बोलला नाही. जालन्यात तेव्हा अशी माणसं होती.

आठव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. आत्या पुढं, मांडीवर एकटी, झाकण उघडं, तेल काठाला लागलेलं. मागं बाबा आणि मी, आणि माझी ट्रंक. ट्रंक नेऊ नये, सांडलं तर उगाच परत आणावी लागेल, असं बाबा म्हणाले होते. ती आईनंच आणून ठेवली, वर धपाट्यांचं फडकं. फडकं उघडल्याबरोबर तीळ दिसले.

रेल्वे डाव्या हाताला आली. चाचांनी "या अल्ला" म्हटलं, आत्यानं देवीचं नाव घेतलं, बाबांनी दोन्ही. तीस. बत्तीस. मी आत्याच्या खांद्यावरून फक्त तेल पाहत होते. पस्तीस. तेलात आभाळ दिसत होतं आणि ते हललं नाही. चाचांची दाढी स्थिर होती. अडतीस. आम्ही शेवटच्या डब्याला गाठलं, मग मधल्या, मग इंजिनाला. आत्यानं एक हात बरणीवर ठेवला, दुसरा बाहेर काढून इंजिनाच्या ड्रायव्हरपुढं मूठ हलवली आणि ओरडली, "आमची बरणी कुठंय रे?" बिचाऱ्यानं टोपी काढून सलाम केला. बदनापूरच्या स्टेशनाशी आम्ही रेल्वेची वाट पाहत उभे राहिलो, केवळ ती मागून येताना आत्याला पाहता यावी म्हणून.

ती येऊन गेल्यावर आत्यानं बरणीला झाकण लावलं आणि मागं वळून ती माझ्या हातात दिली. "शाळेत एकटं खाऊ नको. दर शनिवारी हुसेन येईल न्यायला. रिकामी घेऊन येत जा." आणि मग बाबांना, "परतूरला कळव, पोरगी शिकून राह्यली म्हणून." बाबा पुढच्या रस्त्याकडं पाहत म्हणाले, "कळवतो." त्यांचा आवाज मात्र पस्तीस मैलांवर होता.

चिन्मय, तुझा गॅरेजवाला चाकाच्या कडेला शिशाची एक लहान पट्टी चिकटवेल. ती पासंगच. ती आतल्या बाजूला असते, वाकून पाहिल्याशिवाय दिसत नाही.

गाडी काही वर्षं चालली, मग लढाईमुळं पेट्रोल मिळेना, मग राज्यच बदललं, आणि ती कुंभार पिंपळगावच्या गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात गेली. भंगारात देताना उजवं चाक मोडायचं ठरलं, तेव्हा आत्या फार म्हातारी झाली होती, तरी समोर उभी राहिली. तिनं एकच नाल काढू दिला आणि तो मला दिला. आधीचा तिनं कुणाला पाहू दिला नाही. तो चाकाबरोबरच गेला. शेठच्या घोड्याचा नाल माझ्या दारावर आहे, सात खिळ्यांचा. बरणी स्वयंपाकघरात खालच्या फळीवर आहे. तिच्यात मीठ आहे.